रंग पाहावा, पण आधी चाल पाहावी

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात आणि भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या धुळीत घोडे, उंट, गाढवे, कुत्री आणि बैल यांचा जो अफाट बाजार मांडलेला असतो, त्यात लाल कंधारीचा एखादा खोंड घ्यावयास आलेला जाणता शेतकरी प्रथम काय पाहतो, हे मी वडिलांच्या धोतराचा सोगा धरून चालण्याच्या वयापासून पाहत आलो आहे. तो जनावराच्या जवळ जात नाही. दहा पावलांवर उभा राहून तो मालकाला एवढेच म्हणतो, “सोडा, चालवून दाखवा.” मग खोंड दूर नेला जातो, पुन्हा समोरून आणला जातो, एकदा डाव्या अंगाला आणि एकदा उजव्या अंगाला वळविला जातो, आणि त्या अवधीत पाहणाऱ्याची दृष्टी खुरांवरून हलत नाही. पुढच्या पायाच्या खुणेवर मागचा पाय पडतो की अलीकडे राहतो, वळताना कंबर लचकते की काय, याची खातरजमा झाल्यावरच तो जवळ येऊन दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, कातडी चिमटीत धरून सोडतो, आणि मग कोठे हेड्याच्या रुमालाखाली बोटांची भाषा सुरू होते.

रंगाचे त्याला वावडे असते असे मात्र कोणी समजू नये. कंधार, लोहा, मुखेड या टापूतील कंधारी सर्वांगी एकसारखी गडद तांबडी असावी, असा आग्रह आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या धरला. आणि देवणी-उदगीरकडील देवणी जातीत तर वानेरा, बाळंक्या आणि शेवरा हे तीन वाण रंगावरूनच ओळखले जातात. वानेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, बाळंक्याच्या पांढऱ्या अंगाला केवळ खालच्या बाजूस काळे ठिपके, आणि शेवऱ्याच्या पांढऱ्या कातडीवर काळे ठिपके वाटेल तसे विखुरलेले. म्हणजे मनाजोगता रंग जनावरात उतरविण्याची विद्या आम्हांस परकी नाही. परंतु ती निवड जुवाखाली झाली. जो खोंड काळ्या मातीत वखर ओढताना खचला, ज्याला उन्हाळ्याची उभी दुपार सोसवली नाही, त्याचा रंग कितीही नजरेत भरणारा असला तरी त्याचा वंश पुढे चालू द्यावयाचा नाही, हा निवाडा शेत करीत असे आणि मालक तो मान्य करीत असे.

हे सारे आज लिहिण्याचे कारण मात्र बैल नव्हे, साप आहे.

गेल्या पावसाळ्यात लातुरातील एका स्नेह्यांच्या घरी गेलो असता त्यांच्या चिरंजीवाने मोठ्या हौसेने आपल्या खोलीतील काचेची पेटी दाखविली. आत बॉल पायथन जातीचा एक साप होता. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवितो म्हणून त्याला हे नाव मिळाले. मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेचा, बिनविषारी, स्वभावाने अतिशय गरीब, आणि नीट सांभाळल्यास वीस-पंचवीस वर्षे जगणारा. याच्या सोनेरी अंगावर कोळ्याने जाळे विणावे तशा काळ्या बारीक रेषा होत्या, आणि तो दिसावयास खरोखरच अतिशय देखणा होता. मुलाने बर्फातून काढून कोमट केलेला उंदीर लांब चिमट्यात धरून पुढे केला. सापाने झेप घेतली, ती दोन बोटे चुकली. त्याने डोके मागे घेतले, ते घेताना मानेला दोरीसारखा पीळ पडला आणि जबड्याची खालची बाजू आढ्याकडे झाली. त्याच स्थितीत ते डोके डावीउजवीकडे थरथरत राहिले, आणि आपले तोंड वर आहे की खाली, याचा त्या जीवाला काही केल्या उलगडा होईना. दुसरी झेपही हुकली. तिसऱ्या वेळी मुलाने उंदीर त्याच्या ओठांनाच टेकविला तेव्हा कोठे त्याला घास मिळाला. माझ्या चेहऱ्यावरचे भाव पाहून मुलगा म्हणाला, “काका, तो आजारी नाही. याला वॉबल म्हणतात. स्पायडर मॉर्फमध्ये हे असतंच.”

त्या ‘असतंच’ या शब्दाने माझी झोप उडविली, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत या विषयावरचे जे मिळेल ते मी वाचून काढले.

सर्पपालनाच्या व्यवसायात ‘मॉर्फ’ म्हणजे निवडक संकराने स्थिर केलेला रंगाचा वा नक्षीचा एक प्रकार. १९९९ च्या सुमारास आफ्रिकेतून अमेरिकेतील एका पैदासकाराकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीचा एक साप आला, आणि आज जगभर काचेच्या पेट्यांतून दिसणारे सारे ‘स्पायडर’ त्या एकाच्या वंशातले मानले जातात. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे मातापित्यांपैकी एकाकडून जरी तो जनुक आला तरी नक्षी उमटते. आणि नक्षी उमटली की कमीअधिक प्रमाणात तोल जाण्याची व्याधीही तिच्याबरोबर येते. पैदासकारांनी अनेक वर्षे निरोगी सापांशी संकर करून नक्षी ठेवून व्याधी धुऊन काढण्याचे प्रयत्न केले, पण त्यांस यश आले नाही. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी अशा सापांच्या डोक्याचे क्ष-किरणांनी सूक्ष्म चित्रण केले, तेव्हा त्यांच्या अंतःकर्णातील ज्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि जी लहानशी पिशवी प्राण्याला वर-खाली, डावे-उजवे यांचे भान देते, त्यांची घडणच विकृत असल्याचे दिसून आले. तेव्हा याला सवय म्हणता येत नाही, स्वभावही म्हणता येत नाही. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वीच त्या जीवाकडून त्याची दिशा काढून घेतलेली असते.

रंगाचा आणि कानाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकास पडेल, आणि तो पडावयासच हवा. गर्भावस्थेत रंगपेशी ज्या पेशीसमूहातून उगम पावून सर्व अंगभर पसरतात, त्याच समूहाचा काही अंश मज्जातंतूंच्या आणि कानाच्या घडणीतही कामी येतो. त्यामुळे रंगाच्या वाटेवर केलेला फेरफार कातडीपाशी थांबेलच असे नाही. निळ्या डोळ्यांची पांढरीशुभ्र मांजरे बहुधा बहिरी असतात, हे डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे, आणि डाल्मेशियन कुत्र्यांतील बहिरेपणा त्यांच्या शुभ्रतेशी जोडलेला आहे, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत याची याहून विदारक उदाहरणे आहेत. कॅरॅमल अल्बिनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉल पायथनांत पाठीचा कणा जागोजागी मुडपलेली पिल्ले निपजतात. जॅग्वार नावाच्या कार्पेट पायथनांत तोल जाण्याचीच व्याधी आहे. आणि ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाची जी फिकट पिवळी, हिमाचा मुलामा दिल्यासारखी पाल काही वर्षांपूर्वी अमेरिकेत हजारो डॉलरांना विकली गेली, तिच्या वंशातील दहांपैकी आठांहून अधिक पालींना कातडीवर रंगपेशींच्या गाठी होतात, हे तेथील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सप्रमाण दाखवून दिले. ज्या पेशींच्या अमर्याद वाढीमुळे ती पाल सुंदर दिसे, त्याच पेशींच्या गाठी होत.

रानात असा जीव निपजतच नाही असे नाही. आपल्याकडेही सर्पमित्रांना क्वचित एखादा रंगहीन नाग वा धामण सापडल्याची वार्ता येते. पण रानात त्या जन्मावर घारीचा, मुंगसाचा, उन्हाचा आणि भुकेचा पहारा असतो. ज्याची झेप दोनदा हुकली त्याला तिसऱ्यांदा ओठाशी उंदीर आणून देणारा तेथे कोणी नसतो. काचेच्या पेटीने तो पहारा उठविला. म्हणूनच पेटीचा जो मालक झाला, त्याच्यावर जुवाचे, उन्हाचे आणि घारीचेही कर्तव्य येऊन पडले, आणि नेमके ते कर्तव्य बजावले गेले नाही, ही माझी तक्रार आहे.

माझ्या वडिलांनी ते एकदा कसे बजावले, हे सांगतो. आमच्या दावणीला एक कंधारी खोंड होता. त्याचा रंग असा की पोळ्याच्या दिवशी त्याला हिंगूळ लावण्याची गरज पडत नसे. शेजारच्या चार गावचे लोक त्याला वळू म्हणून ठेवा, आम्ही गाई घेऊन येतो, असे सांगून गेले होते. तिसऱ्या वर्षी त्याच्या चालीत एक खोड दिसू लागली. उभे राहून काही वेळ गेला की मागचा डावा पाय ताठ होई आणि पहिल्या दोन-चार पावलांत तो झटक्याने ओढला जाई; नंतर चाल सरळ होत असे. पाहुण्यांना ती खोड कळतही नसे. वडिलांना मात्र कळली, आणि त्या खोंडाचा बापही म्हातारपणी असाच पाय ओढीत असे, हे त्यांना आठवले. त्यांनी खोंड बडवून घेतला. त्याला विकले नाही, उपाशीही ठेवले नाही. हलक्या कामाला लावून त्याच्या मरणापर्यंत त्याला सांभाळले. आई त्या दिवशी त्यांच्यावर रागावली होती, कारण वळू म्हणून मागणी करणाऱ्यांपैकी एकाने दिलेला शब्द चांगल्या रकमेचा होता.

जुन्या पद्धतीत सारेच शहाणपणाचे होते असा माझा दावा नाही. कपाळावरचा भोवरा अमक्या जागी आला म्हणून धडधाकट जनावर कवडीमोलाने विकलेले मी पाहिले आहे. आणि देवाला सोडलेला एकच वळू वर्षानुवर्षे गावात फिरत राहिल्याने तो आपल्याच लेकींना गाभण करी, या गोष्टीकडे कित्येक गावांनी डोळेझाक केली. शहाणी माणसे गाय पलीकडच्या गावच्या वळूकडे नेत, पण शहाणपण सर्वत्र सारखे नव्हते.

शास्त्रशुद्ध पैदाशीलाही हा धडा फार महागात पडून शिकावा लागला. १९५२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ऑसबोर्नडेल आयव्हनहो नावाच्या होल्स्टीन वळूचे रेत त्याच्या लेकींच्या दुधाच्या लौकिकामुळे दूरदूर पसरले. त्याच्या रक्तात एक सुप्त दोष होता. तो दोष मायबाप दोघांकडून वासरात उतरला की त्या वासराच्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढू शकत नाहीत आणि ते बहुधा वर्षाच्या आत दगावते. तो जनुक १९९२ मध्ये हाती लागेपर्यंत हजारो वळूंत तो पोचला होता. पण हाती लागल्यावर मात्र जगाने हालचाल केली. आज आपल्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे रेत केंद्रातील वळूंची त्या आणि तशाच इतर आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करावी लागते, आणि दोष वाहणारा वळू, दिसावयास कितीही भव्य असो, पैदाशीतून बाद होतो. नांदेडच्या एखाद्या वाडीत होल्स्टीन गायीला कृत्रिम रेतन करावयास येणाऱ्या माणसाच्या नळकांड्यामागे एवढी खबरदारी उभी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल!

सापासाठी यातले काहीही नाही. देशी सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अभय आहे. ते घरात पाळणे हा गुन्हा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने नाग आणि घोणस यांना पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. परदेशी प्राण्यांसाठी त्याच दुरुस्तीत नोंदणीची तरतूद झाली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसृत झालेल्या नियमांप्रमाणे बॉल पायथन बाळगणाऱ्या इसमास ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर त्याची नोंद करणे, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू कळविणे बंधनकारक झाले. ही व्यवस्था आवश्यक होती. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत दडविलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले, तेव्हा अशा रीतीने पाकिटात कोंबून आणलेल्या जीवाचे मायबाप कोण, हे सांगणारा दाखला कोणाजवळ असणार? परंतु जे साप रीतसर नोंदले जातात त्यांच्याही बाबतीत सरकारी दप्तर मालक कोण आणि जनावर आले कोठून एवढेच पाहते. ते आनुवंशिक व्याधी वाहते काय, आणि तशा जनावराची पैदास व्हावी काय, हा विचार त्यात नाही. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत. अठरा महिन्यांच्या आतील मादी फळवू नये, तिला जन्मभरात पाचांहून अधिक वेळा विऊ देऊ नये, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी असा एक कागदही नाही. आणि प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा मूळ कायदा पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड सांगतो, तोही दृश्य क्रूरतेला. जन्मापूर्वीच केलेली क्रूरता त्या कायद्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या मराठवाड्यात, जेथे म्हातारी माणसे तलाठ्याला अजून निजामाच्या अमदानीतील ‘पटवारी’ याच नावाने हाक मारतात, तेथे अर्धा गुंठा जमिनीचा वारसा नोंदविल्यावाचून पुढचे खरेदीखत होत नाही. फेरफाराच्या नोंदीत आज्याचे नाव शोधावयास माणसे तहसिलीच्या पायऱ्या झिजवितात. माझी मागणी एवढीच आहे की, नोंदणीच्या त्या अर्जात पैदास केलेल्या सापाचे मायबाप आणि त्याचा मॉर्फ लिहिण्याची सक्ती असावी. ज्या मॉर्फात व्याधी अटळ असल्याचे सिद्ध झाले आहे, त्याची पैदास आणि विक्री १९६० च्या कायद्याच्या ३८ व्या कलमाखाली नियम करून बंद करावी. आणि जे जीव आज हयात आहेत त्यांना त्यांच्या मालकाकडे निवांत मरेपर्यंत जगू द्यावे. हे अशक्य नाही. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यातील ११-ब हे कलम यातना देणाऱ्या पैदाशीला मनाईच करते, आणि इंग्लंडमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने २०१८ मध्ये आपल्या प्रदर्शनांतून स्पायडर सापांची विक्री कायद्याची वाट न पाहता आपण होऊन थांबविली. साप आपली कात आपणच टाकतो, आणि त्या कातीतूनही जनुकांची परीक्षा करता येते. रक्त काढण्याचाही त्रास त्याला द्यावयास नको. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा परीक्षेची सोय तेथे व्हावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दोन आक्षेप मी गृहीत धरले आहेत. पहिला, सर्पपालक म्हणतात की वॉबल असलेला साप खातो, वाढतो, वीण घालतो. मग त्याला यातना होतात कशावरून? साप विव्हळत नाही, त्याच्या डोळ्यांना पापण्या नाहीत, चेहऱ्यावर दुःख उमटविण्याची सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही, हे खरे. परंतु माणसाच्या कानातील याच नलिकांत बिघाड झाला की खाटेवर आडवा पडलेला रोगीही खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवतो. मी स्वतः तशी आठ दिवसांची भोवळ भोगली आहे, आणि ती जन्मभराची झाली तर, हा विचार मला सोसवत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, जेथे सोयाबीन काढताना घोणस डसून दरवर्षी मजूर दगावतात, तेथे हौशी पोरांच्या परदेशी सापांचा कैवार कशासाठी? माझे उत्तर असे की, पेटीतील साप येथे आला तो त्याच्या इच्छेने नव्हे, आणि दुष्काळात ज्याने आपल्या बैलाला छावणीत नेऊन स्वतः त्याच्याजवळ जमिनीवर झोपून काढले, त्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय याच मुलखात मांडुळासारखा निरुपद्रवी जीव वजनावर किंमत ठरवून, गुप्तधनाच्या भ्रमापायी, पोत्यात घालून विकला जातो. जिवंत प्राण्याचे मोल त्याच्या जगण्याबाहेरच्या कशावर तरी ठरविण्याची ही एकच खोड दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ती अडाणीपणातून येते आणि दुसऱ्या ठिकाणी हौसेतून.

लातूरच्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने सापाची कातडी पाहून तो घेतला, कारण त्याला चालवून दाखवा असे म्हणावे, हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. आणि सापाची चाल म्हणजे नेमके काय, हे विकणाऱ्याने सांगितले नाही. दिवाळीत मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला आपण होऊन सांगितले की, दुसऱ्या शहरातील एका पैदासकाराचा फोन आला होता, त्याच्याकडे मादी आहे, पिल्ले अर्धी अर्धी वाटून घेऊ म्हणतो. “मी काय सांगू, काका?” मी त्याला आमच्या खोंडाची हकीकत सांगितली, बडविल्याचीही आणि नंतरच्या चौदा वर्षांचीही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून त्याने पेटीचे झाकण सरकविले, चिमट्यात उंदीर धरला आणि झेपेची वाट न पाहता तो थेट सापाच्या ओठांशी नेऊन टेकविला. त्या पैदासकाराला त्याने त्याच रात्री नाही म्हणून कळविले.